सतरा मिनिटं

रबाळ्याच्या कारखान्यात मी गोळ्या तपासतो.
हजारात एक फुटकी निघाली
की अख्खी बॅच बाजूला, वर लाल चिठ्ठी,
आणि कारण सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

असा मी
ऐरोलीत सेक्टर आठच्या पाळणाघरात
रोज सकाळी आठ वीसला
सात महिन्यांची शाल्मली दुसऱ्या हातांत देतो
आणि वहीत सही करतो.
पेन दोऱ्याने बांधलेलं आहे. पेन हरवू नये म्हणून.

पहिल्या दिवशी सगळं पाहून घेतलं होतं.
फिनेलचा वास. म्हणजे पुसतात.
फारच वास. म्हणजे काय झाकतात?
सात बाळं, दोन बाया, त्यातली एक रजेवर.
खिडकीच्या जाळीत माझी करंगळी गेली,
तिची तर मूठ जाईल.
जिन्याखाली आग विझवायचं नळकांडं,
मुदत मागच्या दिवाळीत संपलेली.
पिंगळे मॅडम म्हणाल्या, "लगेच करून घेते, सर."
सोमवारी नवी चिठ्ठी होती
आणि धूळ जुनीच.
अंगठा फिरवला तर ठसा उमटला.
अजून आहे तो तिथे.

केतकीला हे बोललो नाही.
तिची रजा संपली होती,
दूध काढून बाटलीवर वेळ लिहायची तिला सवय झाली होती,
आणि दुसरीकडे जूनपर्यंत जागा नव्हती.

मग मोबाइलवर कॅमेरा.
डबा खाताना बघतो. आवाज येत नाही.
छतावरून पाळणे दिसतात
पट्टीतल्या गोळ्यांसारखे, एकेका खळग्यात एकेक.
मंगळवारी अकरा चाळीसला
एक खळगा रिकामा.
मालनबाई तिला उचलून कोपऱ्यात गेली,
कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या.

अकरा बेचाळीस. अकरा सेहेचाळीस.
माझ्यासमोर भेंडी गार.
केतकीचा मेसेज आला: बघतोयस?
बघतोय.
ती ठाण्यात, मी रबाळ्यात,
एकाच रिकाम्या पाळण्याकडे
डोळे लावून
दोघंही कामावर.

संध्याकाळी तिच्या दंडावर लाल ठिपका, मुगाएवढा.
"डास असंल," मालनबाई म्हणाली.
"असेल," मी म्हणालो.
केतकीने विचारलंच, "कोपऱ्यात काय करत होता?"
मालनबाईने आधी वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं,
मग आमच्याकडे.
"खाडीचा वारा येतो तिथं. लई रडत होती."

जाऊन उभा राहिलो त्या कोपऱ्यात.
वारा येत होता, खरंच.
पण नुसत्या वाऱ्यावर मी कधी
बॅच सोडलेली नाही.

शनिवारी रात्री शाल्मली थांबेना.
ओव्याचा शेक झाला, हिंगाचं बोट झालं,
पंखा कमी, पंखा जास्त,
बाल्कनीत नेऊन पामबीचचे दिवे दाखवले.
माझा हात पाठीवर पडला की आणखी ताठ व्हायची,
कुण्या अनोळखी माणसाने
बसमध्ये खांद्यावर हात ठेवावा तशी.

तीन वाजता मी फोन उघडला.
मंगळवार. अकरा सत्तावन्न.
मालनबाई पुन्हा चौकटीत येते,
खांद्यावर लेक, मान सैल, झोपलेली,
आणि बाईचा हात चालूच.
मागे घेतलं. परत पाहिलं.
मोजलं.
पाळण्यात ठेवल्यावरही तो हात लगेच सुटत नाही,
नाकाशी बोट धरते, जरा थांबते,
जसं मी रात्री उठून धरतो,
कुणी बघत नसताना.

सोमवारी नळकांड्याचं पुन्हा काढणार आहे.
जाळीचंही. या वेळी लेखी देणार आहे.

आत्ता मात्र फोन उशीला टेकवून
मी त्या मुक्या हाताबरोबर हात चालवतोय
आणि अंधारातून केतकी,
जिने हे केव्हाच पाहून ठेवलंय,
म्हणते आहे,
दोन हळू. मग थांब.
थांब म्हटलं ना.
आता नुसती बोटं.